वेगवान मोटारीची कुरकुर

जात्यावर बसलेल्या बाईला वैरण संपली की नाही हे पाहण्यासाठी वाकावे लागत नाही. दोन दगडांमध्ये धान्य आहे तोवर जात्याचा आवाज भरदार आणि खालच्या पट्टीतला असतो. धान्य सरले की तोच आवाज कोरडा होतो, दगडावर दगड खरखरू लागतो आणि तिचा हात आपोआप सुपाकडे जातो. बैलगाडी हाकणाऱ्याचेही असेच. चाक कुरकुरले की आखाला वंगण हवे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. आणि ती कुरकुर नेहमीची आहे की आज काही निराळी आहे, हे तो अर्धवट झोपेतही ओळखतो. यंत्राशी माणसाचे पहिले संभाषण झाले ते असे कानाच्या द्वारे.

मोटारगाडीने हे संभाषण जवळजवळ बंद पाडले. गेल्या शंभर वर्षांत मोटारी बनवणाऱ्यांनी जी ध्येये डोळ्यांपुढे ठेवली त्यांत शांतता हे एक मोठे ध्येय होते, आणि ते त्यांनी इतके साध्य केले की, आपल्या पायाखाली अनेक दातेरी चक्रे एकमेकांना रेटीत फिरत आहेत याची जाणीवही आज साध्या मोटारीत बसलेल्या माणसाला नसते. त्यामुळे एखादा आवाज आला की त्याचा अर्थ तो एकच लावतो: काहीतरी बिघडले. परंतु मोटारींची एक जात अशी आहे की, तिच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. शर्यतीच्या कुळात जन्मलेली, किंवा त्या कुळाशी सोयरीक सांगणारी वेगवान मोटार अगदी नवी कोरी असतानाही खडखडते, गुणगुणते, वळताना कण्हते. या आवाजांतला स्वभाव कोणता आणि आजार कोणता, हा तिच्या मालकापुढचा रोजचा प्रश्न असतो. तो केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. स्वभावाला आजार समजले तर चांगला गिअरबॉक्स विनाकारण खोलला जातो आणि खिसा रिकामा होतो. आजाराला स्वभाव समजले तर एखाद्या दिवशी भर वेगात चाके जखडतात.

या आवाजांचे मूळ समजून घेण्यासाठी शर्यतीच्या मैदानावर जाण्याची गरज नाही. एस. टी.ची जुनी गाडी घाट चढू लागली की जो एक लांबलचक, वेगाबरोबर चढत जाणारा सूर निघत असे, तो महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या कानात कायमचा बसलेला आहे. इंजिनाच्या धडधडीहून तो वेगळा असे. चालकाने गिअर बदलला की तो तुटे आणि निराळ्या पट्टीत पुन्हा सुरू होई. तो सूर गिअरांच्या दातांचा. एक चक्र दुसऱ्याला फिरवते तेव्हा दात दाताला भिडतो, त्याला रेटतो आणि सुटतो. तोवर पुढचा दात भिडलेला असतो. चोवीस दातांचे एक चक्र मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे झाले, म्हणजे सेकंदाला १,२०० वेळा दात भिडले. सेकंदाला १,२०० कंपने म्हणजे बासरीच्या वरच्या सप्तकात शोभावा असा स्वर. वेग वाढला की स्वर चढणार, उतरला की उतरणार.

दात भूमितीच्या पुस्तकातल्यासारखे निर्दोष असते, तर एक चक्र दुसऱ्याला अगदी एकसारखे फिरवते आणि हा सूर जवळजवळ उमटताच ना. पण दात कापताना यत्किंचित फरक राहतोच, आणि भार पडला की पोलादही किंचित वाकते. हा फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. १९५८ साली एस. एल. हॅरिस यांनी गिअरांच्या दातांवर पडणाऱ्या भारांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने या विषयाला शास्त्रीय बैठक दिली: फिरण्यातली ही सूक्ष्म चूक हेच कंपनाचे उगमस्थान आहे, हे तेव्हापासून सर्वमान्य झाले. डोळ्यांना कधीही दिसणार नाही अशी चूक कानाला मात्र एका खोलीपलीकडून ऐकू येते.

ही चूक झाकण्याचा एक जुना उपाय म्हणजे दात तिरके कापणे. सरळ दात एकदम संपूर्ण रुंदीने भिडतो, थाप पडते. तिरका दात एका टोकापासून हळूहळू भिडत जातो आणि एका वेळी दोन-तीन दात भार वाटून घेतात. त्यामुळे आवाज मवाळ होतो. मात्र तिरक्या दातांमुळे चक्र बाजूला सरकू पाहते. तो रेटा बेअरिंगांना सोसावा लागतो आणि घर्षणात थोडी शक्तीही खर्ची पडते. मग दोन्ही बाजूंना तिरके, म्हणजे बाणाच्या टोकासारखे दात कापले तर? एका बाजूचा रेटा दुसरी बाजू खोडून काढते. आंद्रे सित्रोएन हा फ्रेंच अभियंता १९००च्या सुमारास आपल्या आईच्या माहेरी, पोलंडमध्ये गेला असताना त्याला अशा दातांची चक्रे पाहायला मिळाली. त्याने त्यांचे पेटंट विकत घेतले आणि पॅरिसला गिअरांचा कारखाना काढला. मोटारी तो बनवू लागला १९१९ साली. पण त्या मोटारींच्या तोंडावर जी दोन उलट्या व्हीसारखी खूण आजही दिसते, ती त्या चक्रांच्या दातांची. रस्त्यात ही खूण पाहणाऱ्या किती जणांना आपण शांतपणे फिरणाऱ्या एका दाताचे चित्र पाहत आहोत हे माहीत असेल?

सरळ दातांचा सूर प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर कोणतीही साधी मोटार मागे घेऊन पाहावी. पुढे जाताना गप्प बसणारी गाडी मागे घेताना एकदम गळा काढते. बहुतेक मोटारींत मागे जाण्याचा गिअर तेवढा सरळ दातांचा ठेवलेला असतो. दिवसातून दोन-चार मिनिटांपुरते काम, त्याच्यासाठी तिरक्या दातांचा खर्च कोण करतो? शर्यतीच्या मोटारीत हाच सरळ दात पुढच्या सर्व गिअरांना लावतात. त्याची कारणे खरी आहेत: बाजूचा रेटा नाही, शक्तीची गळती थोडी कमी, आणि मैदानाप्रमाणे गिअरांचे प्रमाण बदलायचे तर नवी चक्रे कापणे सोपे. सरळ दात तिरक्या दातापेक्षा मुळातच मजबूत असतो, असे मात्र हौशी मंडळी छातीठोकपणे सांगतात, ते तितकेसे खरे नाही. सारख्या रुंदीच्या आणि सारख्या पोलादाच्या दोन चक्रांत तिरक्या दातांचे चक्र बहुधा जास्तच भार उचलते, कारण तेथे भार वाटला जातो. आवाज मोठा म्हणजे वस्तू भक्कम, हा समज माणसांच्या बाबतीतही पुष्कळदा फसतो.

या सगळ्या गोष्टी एकाच लहानशा गाडीत पाहायला मिळतात. ती गाडी म्हणजे इंग्लंडची मिनी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ती १९५९ साली बाजारात आणली. तिचे जनक ॲलेक इसिगोनिस. लांबी अवघी दहा फूट, आणि तेवढ्यात चार माणसे व त्यांचे सामान बसले पाहिजे. जागा वाचवण्यासाठी इसिगोनिस यांनी इंजिन आडवे ठेवले आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी न ठेवता त्याच्या पोटाखाली, ऑइलच्या चेंबरमध्येच बसवला. ज्या ऑइलात इंजिन, त्याच ऑइलात गिअर. युक्ती अपूर्व होती. पण इंजिनाची शक्ती वरून खाली उतरवायची तर मध्ये तीन चक्रांची जोडणी आली: एक वर क्लचपाशी, एक मधले आणि एक खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी. तेव्हापासून हे मधले चक्र मिनी बाळगणाऱ्यांच्या घरात एखाद्या कुरकुऱ्या आजोबांसारखे नांदत आले आहे. त्याला बाजूने किती मोकळीक ठेवायची ते इंचाच्या हजाराव्या भागांत, पातळ चकत्या घालून ठरवावे लागते. मोकळीक वाढली की गाडी नुसती उभी असतानाही बॉनेटखालून खडखड ऐकू येते. फार कमी झाली तर चक्राला श्वासच घेता येत नाही. शिवाय सुरुवातीच्या मिनीत पहिला गिअर सरळ दातांचा होता. त्यामुळे चौकातून निघताना ती इवलीशी गाडी असा काही सूर लावी की, पुढचा पादचारी ट्रक आला समजून बाजूला होई.

ही गृहिणीची, शिक्षकाची, दवाखान्याच्या फेऱ्या करणाऱ्या डॉक्टरची गाडी. तिचे वेगवान मोटारीत रूपांतर केले जॉन कूपर यांनी. शर्यतीच्या मोटारी बनवण्यात त्यांची ख्याती होती. जॅक ब्रॅबहॅम याने १९५९ आणि १९६० या दोन्ही वर्षी विश्वविजेतेपद मिळवले ते कूपरच्या मोटारीतून. १९६१ साली मिनी कूपर निघाली, १९६३ साली तिच्याहून जहाल कूपर एस. १९६४च्या जानेवारीत पॅडी हॉपकर्कने मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली आणि आल्प्सच्या बर्फाळ घाटांत ह्या दहा फुटी गाडीने मोठमोठ्या इंजिनांना मागे टाकले, हे जगाला कळले. १९६५ आणि १९६७ सालीही ती रॅली मिनीनेच जिंकली. १९६६ साली पहिल्या तीन जागा पटकावूनही दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद करण्यात आले, तो वाद वेगळा.

कूपर एससाठी सरळ दातांचे गिअर स्पर्धकांना मिळू लागले, आणि मधल्या त्या तीन चक्रांचेही सरळ दातांचे रूप निघाले. येथून पुढे गोष्ट स्पर्धकांपुरती राहिली नाही. रॅलीत गाडी हाकणाऱ्याला आवाजाची पर्वा नसते. त्याचा प्रवास ठरावीक तासांचा असतो, आणि आजच्या रॅलीत तर चालक व वाट सांगणारा साथीदार शिरस्त्राणातल्या यंत्रावरूनच एकमेकांशी बोलतात. पण तीच चक्रे हौसेने आपल्या रोजच्या गाडीत बसवणारा गृहस्थ सोमवारी त्याच गाडीतून कचेरीत जातो आणि रविवारी त्याच गाडीतून बायकोला घेऊन माहेरी सोडायला निघतो. पहिल्या मैलाला त्याला वाटते की आपण मॉन्टे कार्लोच्या घाटात आहोत. दहाव्या मैलाला संभाषण थांबते. पुढे कुठेतरी, ठरावीक वेगाला, पत्र्याचे स्वतःचे कंपन गिअरांच्या सुराशी जुळते आणि आवाज एकाएकी फुगतो, जणू कुणी रिकाम्या पिंपात तोंड घालून ओरडत आहे. मुरलेला मालक तो वेग ओळखून असतो. त्याच्या जरा खाली तरी चालवतो किंवा जरा वर तरी. शेजारच्या आसनावर बसणाऱ्या माणसाला हे कौशल्य वाटत नाही.

सुराशिवाय दुसरा आवाज असतो खडखडीचा. त्याचे स्पष्टीकरण जात्यात आहे. इंजिनातले स्फोट एकामागून एक होतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन. म्हणजे गाडी उभी असताना मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला तीस धक्के. रस्त्यावर गिअरांवर भार असतो, दात एकाच बाजूला घट्ट टेकलेले असतात, म्हणून हे धक्के मुकाट्याने पचतात. गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली की गिअर फिरतात खरे, पण त्यांच्यावर भार नसतो. वैरण संपलेल्या जात्यासारखी त्यांची अवस्था होते. प्रत्येक धक्क्याला दात मधल्या फटीत मागेपुढे आपटतो, आणि सेकंदाला तीस वेळा आपटणारे असे अनेक दात मिळून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा नाद करतात.

हे धक्के गिळण्यासाठी इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. चाक जितके जड तितके इंजिनाचे फिरणे सलग. पण तितकेच ते आळशीही. पाय दाबताक्षणी इंजिनाने उसळी मारावी असे ज्याला वाटते त्याला चाक हलके हवे. या पेचातून अभियंत्यांनी १९८०नंतर एक सुंदर तोड काढली: चाकाचे दोन भाग करून मध्ये स्प्रिंगा ठेवल्या. इंजिनाचे धक्के पहिल्या भागात येतात, स्प्रिंगांत विरतात आणि दुसऱ्या भागापर्यंत, म्हणजे गिअरांपर्यंत, फारसे पोचतच नाहीत. आता हीच तोड पोर्श कंपनीने कशी वापरली ते पाहण्यासारखे आहे. १९९१-९२ साली तिने आपल्या ९११ मोटारीची कॅरेरा आरएस ही हलकी आवृत्ती काढली. मागची आसने काढली, आवाज शोषणारी अस्तरे काढली, आणि दुहेरी चाक काढून जुन्या धर्तीचे एकेरी हलके चाक बसवले. गाडी चौकात उभी राहिली की खडखड चालू. त्याच वेळी कंपनीने टूरिंग नावाची थोडी मवाळ आवृत्तीही ठेवली, आणि तिच्यात दुहेरी चाक परत आणले. एकाच कारखान्यातून, एकाच नावाची, एक खडखडणारी आणि एक गप्प. ज्याने पहिली मागितली त्याने खडखडही मागूनच घेतली होती. पण ती गाडी पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाते, त्याला हा इतिहास ठाऊक नसतो, आणि तो पहिल्याच सिग्नलला घाबरून मेकॅनिकचे दार ठोठावतो.

मुरलेला मेकॅनिक अशा वेळी पाना उचलत नाही. तो गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबायला सांगतो. क्लच दाबला की गिअरबॉक्सकडे जाणारा दांडा थांबतो. खडखडही थांबली तर ती रिकाम्या जात्याची, आणि बहुधा निरुपद्रवी. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचे बेअरिंग रडत आहे. मग तो रस्त्यावर येतो. ॲक्सिलरेटर दाबताना गुणगुण आणि पाय सोडला की शांतता, किंवा याच्या बरोबर उलट, असे असेल तर तो डिफरन्शिअलकडे बोट दाखवतो. कारण गाडी ओढताना दाताची एक बाजू काम करते आणि गाडी इंजिनाला ओढते तेव्हा दुसरी. पाय दाबा वा सोडा, आवाज बदलतच नाही, पण गाडी डावीकडे-उजवीकडे झोकात नेली की तो वाढतो-घटतो, तर दोष गिअरांचा नव्हेच, चाकाच्या बेअरिंगचा. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत घट्ट वळणावर टकटक झाली तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला. निघताना एकच जोराचा ठोका बसला तर कुठेतरी फट वाढली आहे किंवा माउंटिंगचे रबर फाटले आहे. एवढे सगळे ऐकायला त्याला दहा मिनिटे लागतात. त्याचे पैसे देताना काही ग्राहक कुरकुरतात, कारण त्याने काहीच उघडले नाही.

डिफरन्शिअलच्या बाबतीत मात्र चांगले चांगले फसतात. वेगवान मोटारीत एक चाक घसरून शक्ती वाया जाऊ नये म्हणून आत चकत्यांची एक जोडी ठेवतात. ती दोन्ही चाकांना काही प्रमाणात बांधून ठेवते. सरळ रस्त्यावर तिचे अस्तित्व जाणवत नाही. पण वाहनतळात गाडी हळूहळू गर्रकन वळवावी, तर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचे असते, चकत्या एकमेकींवर घसरतात, अडकतात, सुटतात, आणि मागून असे कण्हणे ऐकू येते की, गाडीचा कणा मोडला की काय असे वाटावे. पुष्कळदा येथे बिघाड काहीच नसतो. चुकीचे ऑइल भरलेले असते. या चकत्यांसाठी घर्षण मवाळ करणारे द्रव्य मिसळलेले ऑइल लागते. ते भरून पाच-पंचवीस वळणे घेतली की कण्हणे बहुधा ओसरते.

ऑइलाचा विषय निघाला म्हणून एक जुनी लबाडी सांगण्यासारखी आहे. झिजलेल्या गिअरबॉक्सची गाडी विकायची असली की काही महाभाग त्यात लाकडाचा भुसा टाकीत, अशी ख्याती पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आहे. भुसा दातांमध्ये दबतो, आवाज काही मैल मऊ पडतो, तेवढ्यात सौदा होतो. फार घट्ट ऑइल भरणे हा त्याच लबाडीचा सभ्य प्रकार. आणि आपल्याच गाडीत आवाज नको म्हणून तळाला जाड अस्तरे ठोकून मोकळा होणारा मालक स्वतःलाच भुसा विकत असतो. अस्तराला दोष नाही. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या भिंतीला, गिअरबॉक्सवरच्या पत्र्याला विचारपूर्वक लावलेले थोडे अस्तर लांबचा प्रवास सुसह्य करते. पण आधी कारण शोधावे आणि मग पांघरूण घालावे, हा क्रम उलटला की बेअरिंगची पहिली तक्रार आतच दबून राहते, आणि दुसरी तक्रार ते करतच नाही.

कानाचाही विचार करायला हवा. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून अधिक राहू नये, आणि दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो, असे कामगारांच्या आरोग्याचे शास्त्र सांगते. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. सरळ दातांच्या, अस्तर नसलेल्या गाडीतून लांब पल्ल्याला जाणाऱ्याने हा हिशेब करावा. यंत्राचा सूर ओळखण्याचे साधन कान हेच आहे. हौसेपायी तेच बोथट झाले तर उरले काय?

मोटार शांत करण्याच्या खटपटीला रबराने मोठी साथ दिली. १९३१ साली अमेरिकेत प्लिमथ गाडीचे इंजिन सांगाड्याला घट्ट न आवळता रबरावर तरंगत ठेवले गेले. पुढच्याच वर्षी सित्रोएनने ती युक्ती परवान्याने घेतली आणि आपल्या दातांच्या खुणेवर एक पोहणारा हंस काढला. वेगवान मोटारीचे शौकीन नेमके हे रबर काढून तेथे कडक द्रव्याचे माउंटिंग बसवतात, कारण इंजिन डुलले की गिअर नेमका पडत नाही. हंस उडाला की दात पुन्हा बोलू लागतात.

आता विजेच्या मोटारी आल्या आहेत आणि या कथेला विचित्र वळण लागले आहे. इंजिनाची धडधड गेली, तिच्याबरोबर गिअरांच्या सुरावरचा पडदाही गेला. विजेची मोटर मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे सहज घेते. तेवढ्या वेगाला दातांची बारीकशी चूकही शिट्टीसारखी ऐकू येते. म्हणून त्या दातांना पूर्वीपेक्षा अधिक सफाईने घासावे लागते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत आवाज आणि कंपने मोजण्याची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. एकीकडे असा एकेक डेसिबल खाली आणण्याची धडपड चालू असते, तर दुसरीकडे, २०११ साली बीएमडब्ल्यूने आपल्या एम ५ गाडीत इंजिनाचा आवाज ध्वनिवर्धकातून आत सोडला, कारण गाडी फारच गप्प झाली होती. २०२३ साली ह्युंदाईने आयोनिक ५ एन ही विजेची वेगवान मोटार काढली, तिच्यात गिअर बदलल्याचा धक्काही खोटा आणि आवाजही खोटा. दोन्ही हवे तेव्हा बंद करता येतात. त्या आवाजाला सूर आहे, चढ-उतार आहे. फक्त त्यात बेअरिंग झिजल्याची बातमी कधीच येणार नाही.

जुनी मिनी २००० सालापर्यंत बनत राहिली, आणि तिच्यातल्या पुष्कळ अजून रस्त्यावर आहेत. तिच्या चेंबरच्या तळाला जो बोल्ट असतो त्याला आतून लोहचुंबक लावलेले असते. ऑइल बदलताना मालक तो बोल्ट काढतो आणि आधी उजेडाकडे धरतो. चुंबकावर करड्या, लोण्यासारख्या मऊ कणांचा थर असेल तर ती नेहमीची झीज. तो बोटाने चाचपतो, चिंधीने पुसतो. बोटाला कण टोचला, दाताचा चमकता टवका हाती आला, तर मात्र गाडी तेथेच उभी राहते. आज थर मऊ आहे. बोल्ट जागच्या जागी आवळला जातो, नवे ऑइल पडते, किल्ली फिरते. बॉनेटखाली मधले चक्र खडखडू लागते. मालक डोके कलते करून क्षणभर ऐकतो, क्लच दाबतो. खडखड थांबते. क्लच सोडतो, पुन्हा सुरू होते. मग तो दार लावून घेतो आणि पहिला गिअर टाकतो.